तीनशे सहासष्टावा दिवस

३१ डिसेंबर २००८ रोजी अमेरिकेत हजारो लोकांच्या हातातली गाणी ऐकण्याची यंत्रे एकाच दिवशी गोठली. मायक्रोसॉफ्टचे ‘झून ३०’ सुरू केले की पडद्यावर चिन्ह उमटायचे, खालची पट्टी शेवटपर्यंत भरायची आणि त्यापुढे काहीच घडायचे नाही. झूनच्या नंतरच्या मॉडेलांना धक्का लागला नव्हता. अडले होते ते नोव्हेंबर २००६ मध्ये बाजारात आलेले ३० गिगाबाइटचे पहिले मॉडेल. कंपनीने सांगितलेला उपाय असा होता: बॅटरी पूर्ण उतरू द्या, १ जानेवारीला ग्रिनिचच्या घड्याळात दुपारचे बारा वाजून जाऊ द्या आणि मग यंत्र चार्जिंगला लावा. दिवस उलटला आणि यंत्रे पुन्हा चालू लागली.

दोष होता अंतर्गत घड्याळाच्या ड्रायव्हरमध्ये. ड्रायव्हर म्हणजे घड्याळाची चिप आणि बाकीचे सॉफ्टवेअर यांच्यामधला दुभाषा. चिपकडचा आकडा वाचून तो ‘आज अमुक तारीख, अमुक महिना, अमुक वर्ष’ असे सांगतो. झूनचा दुभाषा लीप वर्षाच्या शेवटच्या दिवशी बोलायचाच थांबला.

प्रोग्रामिंग शिकवताना ही हकिकत अजून सांगितली जाते आणि तिचा अर्थ ठरून गेला आहे: कुणीतरी प्रोग्रामर लीप वर्ष विसरला, एका तुलनेचे चिन्ह चुकले, ते बदलले की बग संपला. हे आकलन उथळ आहे. त्या कोडमध्ये लीप वर्ष विसरलेले नव्हते, आणि चिन्ह बदलल्याने तो बग जातही नाही. घड्याळाच्या ड्रायव्हरमधला तारखेचा बग हा बहुतेक वेळा न लिहिलेल्या कराराचा बग असतो. चिप काय मोजते, कुठून मोजते, कुठवर मोजते आणि सीमेवर पोचल्यावर काय होते, हे कुणीच स्पष्ट मांडलेले नसते. म्हणून अशा बगची खरी दुरुस्ती म्हणजे तो करार शब्दांत आणि कोडमध्ये मांडणे, त्यातले शक्य तेवढे गणित ड्रायव्हरमधून बाहेर काढणे आणि उरलेले प्रत्येक दिवसावर तपासून पाहणे. हे म्हणणे टप्प्याटप्प्याने तपासता येते.

१. चूक विसरण्याची नव्हती

झून ३० मध्ये फ्रीस्केल कंपनीची एमसी१३७८३ ही चिप होती. ती मुळात वीजपुरवठा सांभाळणारी चिप. घड्याळ हा तिचा एक कोपरा. त्या घड्याळाला वर्ष, महिना, वार यांतले काहीच ठाऊक नाही. त्यात दोन मोजण्या आहेत. एक १७ बिटांची, दिवसातले सेकंद मोजणारी. दुसरी १५ बिटांची, दिवस मोजणारी. सेकंदांची मोजणी ८६,४०० पूर्ण झाली की शून्यावर येते आणि दिवसांची मोजणी एकाने पुढे सरकते. १ जानेवारी १९८० हा पहिला दिवस धरला, तर ३१ डिसेंबर २००८ हा १०,५९३ वा दिवस. चिपने तेवढेच सांगितले, आणि बरोबर सांगितले.

या आकड्याची तारीख करण्याचे काम ‘कन्व्हर्टडेज’ नावाच्या फंक्शनकडे होते. त्याची रीत सोपी. वर्ष १९८० पासून सुरू करायचे. हातातले दिवस ३६५ पेक्षा जास्त असतील तोवर फेरी चालू ठेवायची. चालू वर्ष साधे असेल तर ३६५ वजा करून वर्ष एकाने वाढवायचे. लीप असेल तर आधी पाहायचे की दिवस ३६६ पेक्षा जास्त आहेत का. असतील तर ३६६ वजा करून वर्ष वाढवायचे.

आता १०,५९३ घेऊन हीच वाट चालून पाहू. १९८० ते २००७ ही २८ वर्षे, त्यांतली सात लीप, मिळून १०,२२७ दिवस वजा होतात. हातात ३६६ उरतात आणि वर्ष २००८ येते. ३६६ हे ३६५ पेक्षा जास्त, म्हणून फेरी सुरू राहते. २००८ लीप आहे, म्हणून दुसरा प्रश्न विचारला जातो: दिवस ३६६ पेक्षा जास्त आहेत का? नाहीत, नेमके ३६६ आहेत. मग वजाबाकी होत नाही, वर्ष वाढत नाही आणि फेरीतून बाहेर पडण्याचीही सोय नाही. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. यंत्र सुरू होताना वेळ विचारते, ड्रायव्हर या भोवऱ्यात फिरत राहतो आणि पडदा गोठलेला दिसतो. मध्यरात्रीनंतर आकडा १०,५९४ झाला की उरतात ३६७. त्यातून ३६६ गेले की एक. उत्तर १ जानेवारी २००९, आणि यंत्र जागे. बॅटरी उतरवण्याच्या सल्ल्यामागचे गणित हेच होते.

म्हणजे कोड लिहिणाऱ्याला लीप वर्ष पुरते ठाऊक होते. वर्ष लीप आहे का, हे विचारणारे फंक्शन फेरीच्या आतच आहे. चुकले ते वेगळेच. फेरीत राहायचे की नाही हे ठरवणारी अट वर्षाला ३६५ दिवसांचे मानते. आतली अट त्याच वर्षाला ३६६ दिवसांचे मानते. एकाच फंक्शनमध्ये वर्षाच्या दोन व्याख्या नांदत होत्या आणि त्या दोन व्याख्यांच्या मधल्या फटीत नेमका एक दिवस सापडला.

२. चिन्ह बदलून काय होते

हे कोड लोकांसमोर आल्यावर सर्वांत सहज सुचणारी दुरुस्ती अशी: आतल्या अटीत ‘३६६ पेक्षा जास्त’ऐवजी ‘३६६ किंवा जास्त’ करा. भोवरा थांबतो हे खरे. पण मग ३६६ मधून ३६६ जाऊन शून्य उरते आणि वर्ष २००९ होते. फंक्शनचे उत्तर येते: २००९ सालचा शून्यावा दिवस. असा दिवस कोणत्याही दिनदर्शिकेत नाही. पुढचे कोड त्याचा महिना शोधू लागेल तेव्हा काय हाती लागेल, ते त्या कोडच्या लहरीवर.

ही दुरुस्ती मूळ बगपेक्षा घातक आहे. गोठलेले यंत्र निदान तक्रार करते. चुकीची तारीख मुकाट्याने पुढे जाते, फाइलींवर, नोंदींवर, गजरांवर बसते आणि तिचा उगम शोधायला महिने लागू शकतात.

दुसरी दुरुस्ती म्हणजे ३६६ वर आले की फेरीतून बाहेर पडणे. ती बरोबर उत्तर देते, पण दोन व्याख्यांची फट तशीच ठेवते. फक्त तिच्यावर फळी टाकते. तिसरी दुरुस्ती वेगळ्या जातीची आहे. आधी ‘या वर्षाचे दिवस किती’ हे एकदाच ठरवायचे आणि हातातले दिवस त्याहून जास्त असतील तोवरच ते वजा करायचे. येथे ३६५ आणि ३६६ हे आकडे एकाच ठिकाणाहून येतात, म्हणून त्यांच्यात विसंगती उरायला जागाच राहत नाही. तिन्ही बदल दिसायला एक-दोन ओळींचे आहेत. पहिला लक्षण दाबतो, दुसरा एक दिवस वाचवतो, तिसरा व्याख्या एक करतो.

३. त्याच चिपचा दुसरा ड्रायव्हर

तिसरी दुरुस्तीही शेवटची नाही, हे त्याच चिपचा लिनक्समधला ड्रायव्हर पाहिला की कळते. त्यात लीप वर्ष नाही, महिन्यांचा तक्ता नाही, फेरीही नाही. तो चिपचे दिवस वाचतो, त्यांना ८६,४०० ने गुणतो, सेकंद मिळवतो आणि ती बेरीज एका सामायिक फंक्शनकडे सोपवतो. तारीख काढणे त्याचे कामच नाही. लिनक्समधले असे अनेक ड्रायव्हर हेच फंक्शन वापरतात. त्यात चूक असेल तर ती सगळीकडे दिसेल आणि एकदाच दुरुस्त होईल.

त्या सामायिक फंक्शनमागचा विचारही पाहण्यासारखा आहे. लीप दिवसाचा सगळा त्रास तो वर्षाच्या मध्ये येतो म्हणून होतो. वर्ष १ मार्चला सुरू होते असे मानले तर २९ फेब्रुवारी वर्षाच्या अगदी शेवटी जातो आणि बाकीच्या महिन्यांची मांडणी दरवर्षी सारखी राहते. जुन्या रोमन वर्षाची सुरुवात मार्चमधूनच होती. सप्टेंबर म्हणजे ‘सातवा’ हे नाव त्या काळाची खूण आहे. शिवाय ग्रेगरियन दिनदर्शिका दर ४०० वर्षांनी, म्हणजे १,४६,०९७ दिवसांनी, जशीच्या तशी परत येते. या दोन गोष्टी धरल्या की वर्षामागून वर्ष वजा करत बसावे लागत नाही. थोड्या गुणाकार-भागाकारांत तारीख निघते. जिथे फेरीच नाही, तिथे न संपणारी फेरी कुठून येणार?

एकाच सिलिकॉनवर दोन ड्रायव्हर उभे राहिले. एकाने दिनदर्शिका स्वतःच्या पोटात घेतली, दुसऱ्याने ती बाहेर ठेवली. फरक कौशल्याचा नव्हता, जबाबदारीच्या वाटणीचा होता.

४. मध्यरात्रीची फट

दिनदर्शिका बाहेर काढली तरी ड्रायव्हरकडे स्वतःचे असे काम उरतेच, आणि ते नाजूक असते. एमसी१३७८३ मध्ये दिवस आणि सेकंद वेगवेगळ्या रजिस्टरांत आहेत. दोन्ही एका दमात वाचता येत नाहीत. समजा रात्री ११ वाजून ५९ मिनिटे ५९ सेकंदांनी ड्रायव्हरने दिवस वाचला आणि क्षणभराने सेकंद वाचले. मध्ये मध्यरात्र उलटली. हातात आला कालचा दिवस आणि आजचा शून्य सेकंद. वेळ सरळ २४ तासांनी मागे.

लिनक्सचा ड्रायव्हर यावर आधी दिवस, मग सेकंद आणि पुन्हा दिवस वाचतो. दोन्ही वेळचे दिवस जुळले तरच ते वाचन ग्राह्य, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. वेळ लावतानाही हीच काळजी: आधी सेकंद शून्य करायचे, म्हणजे नवा दिवस लिहीपर्यंत मध्येच मध्यरात्र होऊन आकडा सरकणार नाही, मग दिवस, मग खरे सेकंद.

ही फट लीप वर्षासारखी चार वर्षांतून एकदा नव्हे, रोज रात्री उघडते. पण ती क्षणभरच उघडी असते, म्हणून चाचणीत जवळजवळ कधीच सापडत नाही. तारखेचा बग म्हणजे लीप वर्ष, ही समजूत घेऊन बसणाऱ्याच्या नजरेला ती पडणारच नाही.

५. चिपच चुकीचे मोजत असेल तर

आतापर्यंतच्या उदाहरणांत चिप प्रामाणिक होती. रॉकचिप कंपनीच्या आरके८०८ या चिपच्या बाबतीत तेही गृहीत धरता येत नाही. ही चिप वर्ष-महिना-दिवस स्वतः सांभाळते, पण तिच्या हिशेबात नोव्हेंबर ३१ दिवसांचा आहे. ही चूक सिलिकॉनमध्ये कोरलेली आहे. विकल्या गेलेल्या यंत्रांत ती कुणी बदलू शकत नाही. यंत्र चालू असेल तर सॉफ्टवेअर स्वतःचे घड्याळ चालवते आणि चूक झाकली जाते. पण ३० नोव्हेंबरच्या मध्यरात्री यंत्र बंद असेल, तर सकाळी ते १ डिसेंबरऐवजी ३१ नोव्हेंबर ही तारीख घेऊन उठते.

डिसेंबर २०१५ मध्ये लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये यावर केलेला इलाज फार विचारपूर्वक आहे. ‘तारीख ३१ नोव्हेंबर दिसली तर ती १ डिसेंबर करा’ अशी ठिगळवजा अट पुरली नसती. यंत्र दोन वर्षे कपाटात पडून राहिले तर मधले दोन नोव्हेंबर चिपने चुकीचेच मोजले असतील आणि ड्रायव्हरला त्याचा पत्ताही नसेल. म्हणून त्या ड्रायव्हरने वेगळीच भूमिका घेतली: ही चिप चुकत नाही, ती एक निराळी दिनदर्शिका पाळते. त्या दिनदर्शिकेला ‘रॉकचिप दिनदर्शिका’ असे नावही दिले. १ जानेवारी २०१६ या दिवशी ती आणि आपली दिनदर्शिका जुळतात असे ठरवले. त्यानंतर जितके नोव्हेंबर संपले, तितके दिवस चिप मागे.

१० जून २०२० चे उदाहरण घेऊ. २०१६, २०१७, २०१८ आणि २०१९ असे चार नोव्हेंबर होऊन गेले, म्हणून चिपमध्ये ६ जून २०२० असायला हवे. वाचताना ड्रायव्हर चार दिवस मिळवतो, लिहिताना चार दिवस वजा करतो. गजर लावतानाही हाच हिशेब करावा लागतो, नाहीतर घड्याळ बरोबर आणि गजर चार दिवस चुकीचा. यंत्र कितीही वर्षे बंद राहिले तरी उत्तर बरोबर येते, कारण नियम चिपच्या वागण्याशी बांधला आहे, यंत्र केव्हा चालू होते याच्याशी नाही.

येथे दुरुस्ती म्हणजे चूक काढून टाकणे नव्हतेच. चूक कायम राहणार होती. तिला नाव देणे, तिचा नियम लिहिणे आणि भाषांतराची दोन्ही दिशांची फंक्शने बांधणे, एवढेच हातात होते आणि तेवढे पुरले.

६. तारखेमागचा करार

दिनदर्शिकेतल्या फरकाला नाव दिल्याशिवाय तारीख निरर्थक असते, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. शिवाजी महाराजांची जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. तिची तारीख आपण १९ फेब्रुवारी १६३० म्हणतो, पण ती ज्युलियन दिनदर्शिकेतली आहे. ग्रेगरियन हिशेबाने तोच दिवस १ मार्च १६३० येतो. उत्तर भारतातल्या पौर्णिमान्त गणनेत ती तिथी फाल्गुन वद्य नसून चैत्र वद्य ठरते. दिवस एकच, नावे चार. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी रॉबर्ट सेवेल यांच्यासह १८९६ मध्ये ‘द इंडियन कॅलेंडर’ हा ग्रंथ सिद्ध केला, तो अशा रूपांतरांसाठीच. त्यातली कोष्टके उपयोगी पडतात, कारण कोणती गणना, कोणता आरंभ, कोणती मर्यादा हे त्यांच्यासोबत मांडलेले आहे.

ड्रायव्हरला हीच शिस्त लागते, पण तिथे ती अनेकदा पाळली जात नाही. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही घड्याळाची चिप होती. ती वर्षाचे फक्त शेवटचे दोन अंक ठेवते. शतक दुसऱ्या जागी साठवावे लागते आणि चिप ते स्वतः बदलत नाही. शिवाय तिच्यातले आकडे दोन पद्धतींनी असू शकतात: साधे द्विमान किंवा प्रत्येक दशमान अंक वेगळ्या चार बिटांत ठेवणारे, ज्याला बीसीडी म्हणतात. कोणती पद्धत चालू आहे हे सांगणारा एक बिट चिपमध्ये आहे. ड्रायव्हरने तो वाचायला हवा.

न वाचल्यास काय होते? ० ते ९ हे आकडे दोन्ही पद्धतींत सारखेच दिसतात. म्हणून २००० ते २००९ ही दहा वर्षे चूक दिसतच नाही. २०१० मध्ये बीसीडीतला १० द्विमान समजून वाचला तर १६ होतो. जानेवारी २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बँक ऑफ क्वीन्सलँडची दुकानांतली कार्ड-यंत्रे २०१६ साल दाखवू लागली आणि कार्डे मुदत संपलेली म्हणून नाकारू लागली. सहा वर्षांचा तो फरक या गणिताशी नेमका जुळतो.

करारातले आणखी एक कलम मर्यादेचे. १५ बिटांत ० ते ३२,७६७ एवढेच दिवस मावतात, सुमारे ८९ वर्षे ८ महिने. १९७० पासून मोजले तर ही मोजणी १८ सप्टेंबर २०५९ ला संपते. लिनक्समध्ये ड्रायव्हरला आपली खालची आणि वरची मर्यादा जाहीर करण्याची सोय आहे. मर्यादेबाहेरची तारीख लावायचा प्रयत्न केला तर मुकाट्याने चुकीचा आकडा लिहिण्याऐवजी ती नाकारली जाते. झूनच्या कोडमध्ये असे कलम असते तर भोवरा टळला नसता. पण ते लिहिताना ‘सीमेवर काय होते’ हा प्रश्न कुणाच्या तरी मनात आला असता, आणि वर्षाचा शेवटचा दिवस ही सीमाच आहे.

७. सगळे दिवस तपासता येतात

आता सर्वांत ठाम मुद्दा. सॉफ्टवेअरची संपूर्ण तपासणी अशक्य असते असे म्हणतात, आणि बहुतेक ठिकाणी ते खरे आहे. येथे नाही. चिप ३२,७६७ पर्यंतच मोजत असेल तर फंक्शनला विचारण्याजोगे प्रश्नच तेवढे आहेत. प्रत्येक आकडा द्या, तारीख घ्या, ती मागच्या तारखेच्या बरोबर पुढची आहे का पाहा आणि तारखेवरून उलट तोच आकडा येतो का तेही पाहा. आजच्या कोणत्याही संगणकावर हे डोळ्यांचे पाते लवण्याआधी होते.

झूनच्या फंक्शनची अशी परीक्षा घेतली असती तर ती ३६६ व्या आकड्यावरच, म्हणजे ३१ डिसेंबर १९८० वर, अडकली असती. उलट वेचक तपासणी किती दुबळी आहे ते पाहा. त्या १५ बिटांच्या संपूर्ण आवाक्यात अडवणारे दिवस फक्त २३ आहेत, कारण लीप वर्षांचे तेवढेच शेवट त्यात येतात. कुणी शंभर तारखा यादृच्छिक निवडून तपासल्या असत्या तरी बग सापडण्याची शक्यता शेकडा सातच्याही खाली राहिली असती. आणि २९ फेब्रुवारी तपासून समाधान मानणाऱ्याला तो कधीच सापडला नसता. त्या दिवशी यंत्र व्यवस्थित चालते.

लिनक्सच्या सामायिक फंक्शनसोबत २०२१ मध्ये जोडलेली चाचणी या दृष्टीने आदर्श म्हणावी अशी आहे. ती १,६०,००० वर्षांतला प्रत्येक दिवस एकामागून एक तपासते; ते दिवस ५ कोटी ८४ लाखांहून अधिक भरतात. ४०० वर्षांचे चक्र एकदा तपासले तरी तत्त्वतः पुरे, पण मोठ्या संख्यांवर गुणाकाराच्या मर्यादा उघड्या पडतात का, हेही त्यातून कळते.

काही आक्षेप

पहिला आक्षेप: चार वर्षांतून एका दिवसासाठी एवढा खटाटोप कशाला? झून दुसऱ्या दिवशी आपोआप बरे झालेच की. गाणी एक दिवस बंद राहिली तर चालते, हे मान्य. पण असाच दोष दुसरीकडे १२ वर्षे आधीच भोवला होता. ३१ डिसेंबर १९९६ च्या मध्यरात्री न्यूझीलंडमधल्या टिवाय पॉइंट येथील ॲल्युमिनियम कारखान्यातले प्रक्रिया-नियंत्रणाचे संगणक एकदम बंद पडले. दोन तासांनी, तिथल्या स्थानिक मध्यरात्री, टास्मानियातल्या बेल बे कारखान्यातही तेच झाले. सॉफ्टवेअरने वर्षाचा ३६६ वा दिवस धरलेला नव्हता. वितळलेल्या धातूच्या भट्ट्यांचे तापमान सांभाळणारे कुणी उरले नाही आणि काही भट्ट्या निकामी झाल्या. तोच ३६६ हा आकडा १९९६ मध्ये भट्टीत आणि २००८ मध्ये खिशात आडवा आला. कोड कुठे वापरले जाणार हे ड्रायव्हर लिहिताना ठाऊक नसते. चिप बनवणारा नमुन्यादाखल ड्रायव्हर देतो, वस्तू बनवणारा तो जसाच्या तसा उचलतो आणि मूळ लेखकाला न दिसणाऱ्या यंत्रांत तो पोचतो.

दुसरा आक्षेप: आता वेळ इंटरनेटवरून येते, चिपच्या घड्याळाला कोण विचारतो? यंत्र सुरू होते तेव्हा नेटवर्क नसते, आणि त्या पहिल्या क्षणांत वेळ सांगणारे तेवढे एकच घड्याळ असते. सुरक्षित जोडणी करताना समोरच्या सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत तपासली जाते. यंत्राला वाटत असेल की आज १ जानेवारी १९७० आहे, तर प्रत्येक प्रमाणपत्र अजून लागू न झालेले दिसते आणि जोडणी नाकारली जाते. वेळ आणायला नेटवर्क हवे आणि नेटवर्कवर विश्वास ठेवायला वेळ हवी, अशी ती गाठ आहे. हार्डवेअर घड्याळ ती सोडवते. रास्पबेरी पायच्या आधीच्या बोर्डांवर असे घड्याळ नव्हते. २०२३ च्या रास्पबेरी पाय ५ मध्ये ते दिले गेले.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सामायिक फंक्शनवर सगळे सोपवले तर त्यातली एक चूक सगळ्यांना बुडवेल. धोका खरा आहे. पण पर्याय काय? प्रत्येक ड्रायव्हरने आपापली दिनदर्शिका लिहायची आणि प्रत्येकाने आपापली नवी चूक करायची. सामायिक फंक्शनवर अधिक डोळे असतात, अधिक चाचण्या असतात आणि दुरुस्ती एकदाच करावी लागते. शिवाय चांगली फंक्शने आणि चांगली यंत्रणा हाताशी असूनही तारखेवर हाताने गणित केले की काय होते, हे मायक्रोसॉफ्टलाच २९ फेब्रुवारी २०१२ रोजी अनुभवावे लागले. त्यांच्या अझूर या क्लाउड सेवेत प्रमाणपत्राची मुदत काढताना आजच्या तारखेच्या वर्षात नुसता एक मिळवला गेला. उत्तर आले २९ फेब्रुवारी २०१३. असा दिवस नव्हता, प्रमाणपत्रे तयार होईनात आणि सेवा कोलमडली.

चौथा आक्षेप माणसाबद्दल आहे: प्रोग्रामर हुशार असता तर हे झालेच नसते. झूनचे कोड वाचणाऱ्या कोणालाही दिसेल की ते लिहिणारा अडाणी नव्हता. ते फंक्शन १९८० पासून २००८ अखेरच्या १०,५९३ दिवसांपैकी १०,५८५ दिवशी बरोबर उत्तर देते. नुसत्या वाचनाने त्यातली फट पकडणे अवघड आहे. अनेक अनुभवी लोकांनी सुचवलेल्या दुरुस्त्याही शून्याव्या दिवशी पोचल्या. दोष व्यक्तीत शोधला की तिला बदलून प्रश्न सुटल्याचे समाधान मिळते आणि फट पुढच्या प्रकल्पात जशीच्या तशी जाते.

दुरुस्तीत काय असावे

या सगळ्यातून घड्याळाच्या ड्रायव्हरमधल्या तारखेच्या बगची दुरुस्ती कशी दिसावी, याचे चित्र उभे राहते. चिपचा शून्य म्हणजे कोणता दिवस आणि मोजणी शून्यापासून की एकापासून, हे कोडमध्येच टिपणीत लिहिलेले. आकडे बीसीडी की द्विमान, हे गृहीत न धरता चिपला विचारलेले. दिवसांवरून तारीख काढण्याचे गणित सामायिक फंक्शनकडे दिलेले. वेगवेगळी रजिस्टरे वाचताना मध्यरात्र उलटली तर काय, याची सोय केलेली. चिपची स्वतःची दिनदर्शिका वेगळी असेल तर तिचे रूपांतर वाचन, लेखन आणि गजर या तिन्ही ठिकाणी सारखे लावलेले. वरची मर्यादा जाहीर केलेली. आणि सोबत चिपच्या आवाक्यातल्या प्रत्येक दिवसाची चाचणी. बदललेली ओळ एकच असू शकेल, पण तिच्याभोवती एवढे सगळे नसेल तर दुरुस्ती अर्धीच झाली.

हे काम अजून बाकी आहे, कारण सीमा पुढे उभ्या आहेत. १९ जानेवारी २०३८ रोजी ३२ बिटांत मावणारी सेकंदांची मोजणी संपते. लिनक्सच्या गाभ्यात त्यासाठीचे काम २०२० मध्ये आलेल्या ५.६ या आवृत्तीपर्यंत झाले, पण त्याआधीच्या आवृत्त्यांवर चालणारी यंत्रे आजही वापरात आहेत. त्यापलीकडे २१०० साल आहे. त्याला चारने भाग जातो, पण ४०० ने जात नाही, म्हणून ते लीप नाही. कॉलेजच्या प्रकल्पांपासून कारखान्यांपर्यंत वापरल्या जाणाऱ्या डीएस१३०७ सारख्या चिप वर्षाचे दोनच अंक ठेवतात, आणि त्यांच्या माहितीपत्रकात लीप वर्षाचा हिशेब २१०० पर्यंतच बरोबर असल्याचे निर्मात्याने छापले आहे. २८ फेब्रुवारी २१०० ची मध्यरात्र उलटल्यावर अशी चिप २९ फेब्रुवारी दाखवेल. ड्रायव्हरने तिची मर्यादा जाहीर केलेली असेल, तर वरच्या सॉफ्टवेअरला त्या तारखेवर विसंबायचे नाही हे आधीच कळलेले असेल.